पेंडीतील विष आणि निळा ठिपका

इ. स. १९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागांतील टर्कीपालकांवर जी आपत्ती कोसळली, तिच्यातून साऱ्या जगाच्या अन्नपरीक्षेचा शिरस्ताच पालटणार आहे, असे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नसेल. महायुद्धाच्या काळापासून चालत आलेले रेशनिंग १९५४ साली तेथे संपुष्टात आले होते, मांसाची मागणी वाढत होती, आणि एके काळी नाताळच्या मेजवानीपुरती पाळली जाणारी टर्की आता हजारोंच्या संख्येने, गिरणीत तयार झालेल्या खाद्यावर, व्यापारी हिशेबाने वाढवली जाऊ लागली होती. या कळपांतील चांगली धडधाकट पिले एकाएकी खाणे टाकीत, पंख गाळून बसत, आणि आठवडाभराच्या आत पाय मागे ताणून व मान पाठीकडे वाकवून प्राण सोडीत. थोड्याच महिन्यांत मेलेल्या टर्कींची संख्या एक लाखावर गेली. बदकांच्या आणि फेजंट पक्ष्यांच्या पिलांनाही तीच बाधा झाली. शवविच्छेदनात यकृत रक्ताने माखलेले व जागोजागी मृतवत झालेले आढळे, मूत्रपिंडे सुजलेली असत. परंतु याचे कारण कोणत्याही ग्रंथात सापडेना. तेव्हा अज्ञात राशीचे अक्षर जोडून पशुवैद्यांनी या व्याधीला ‘टर्की एक्स रोग’ असे तात्पुरते नाव दिले, आणि तपासास आरंभ झाला.

साथ म्हटली की जंतू, हा पहिला तर्क स्वाभाविकच होता. परंतु रोगी पक्ष्यांपासून निरोगी पक्ष्यांना लागण होते, असे काही केल्या सिद्ध होईना. मग जेथे जेथे पक्षी मेले होते त्या ठिकाणांच्या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या, तेव्हा असे दिसून आले की, बहुतेक सर्व फिर्यादी लंडन शहराच्या भोवतालच्या सुमारे शंभर मैलांच्या टापूतून आलेल्या आहेत. या टापूतील पालकांत दुसरे काही समान नसले, तरी त्यांचे खाद्य लंडनच्या एकाच गिरणीतून येत होते, आणि त्या खाद्यात ब्राझील देशातून बोटीने आलेली भुईमुगाची पेंड मिसळलेली होती. पेंड ही वस्तू मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घाण्यातून तेल निघून गेल्यावर मागे राहणारा हा प्रथिनसंपन्न चोथा आपल्या गोठ्यांत दुभत्या जनावरांपुढे पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जात आहे. खानदेशात आणि सातारा-कोल्हापूरकडे तर भुईमूग, घाणा आणि गोठा यांचे नाते फार जुने आहे. म्हणूनच इंग्लंडातील ही हकीकत परमुलखातील असूनही आपल्याला परकी वाटत नाही.

पेंडीवर संशय जाताच त्याला लवकरच दुसराही पुरावा मिळाला. पूर्व आफ्रिकेत तेथल्याच भुईमुगाच्या पेंडीवर वाढवलेली बदकांची पिले तशाच रीतीने दगावली होती. म्हणजे दोष ब्राझीलच्या मातीचा किंवा एखाद्या बोटीतील एखाद्या गफलतीचा नव्हता. आता प्रश्न उरला तो असा की, पेंडीत आहे तरी काय? यकृतावर दिसणाऱ्या खुणा सेनेशिओ जातीच्या विषारी तणांतील अल्कलॉइडांनी होणाऱ्या विकृतीशी जुळत होत्या, म्हणून भुईमुगाच्या शेतातून असे एखादे तण मालात मिसळले असावे, असा तर्क पुढे आला. परंतु त्या अल्कलॉइडांच्या कसोट्या लावून पाहता तसले द्रव्य पेंडीत आढळले नाही. या तपासातील माणसांची एक गोष्ट मला विशेष आदरणीय वाटते : हाताशी आलेला सोयीचा आरोपी त्यांनी केवळ तो सोयीचा आहे म्हणून स्वीकारला नाही. लाखभर पक्षी मेलेले, व्यापाऱ्यांचे डोळे सरकारी खात्याकडे लागलेले, अशा वेळी अर्ध्या पुराव्यावर निवाडा देऊन मोकळे होण्याचा मोह मोठा असतो.

हा तपास मुख्यत्वे दोन ठिकाणी चालला. सरे परगण्यातील वेब्रिज येथील मध्यवर्ती पशुवैद्यक प्रयोगशाळेत रूथ ऑलक्रॉफ्ट आणि कार्नागन हे होते, तर लंडनच्या ट्रॉपिकल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सार्जंट, ओ’केली, शेरिडन हे रसायनज्ञ होते. रसायनज्ञांनी पेंडीवर मेथनॉल घालून तिचा अर्क काढावा, त्यातील स्निग्धांश दुसऱ्या द्रावकाने धुऊन टाकावा, उरलेल्या अर्काचे भाग पाडावेत. आणि विष नेमके कोणत्या भागात उतरले, हे पशुवैद्यांनी सांगावे, अशी तजवीज होती. ते सांगण्याचे साधन म्हणजे एका दिवसाचे बदकाचे पिलू. या पिलांचे यकृत त्या विषाला कमालीचे हळवे असून, सूक्ष्म मात्रेनेही त्यातील पित्तनलिकांच्या पेशी अनियंत्रित वाढू लागतात, असे आढळले होते. म्हणून अर्काचा प्रत्येक भाग पिलांना घशातून पाजावयाचा, आठवडाभर वाट पाहावयाची, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या यकृताची जबानी घ्यावयाची. ही कसोटी विश्वसनीय होती, परंतु मंद आणि खर्चिक होती, आणि प्रत्येक उत्तराची किंमत काही जिवांनी चुकती करावी लागत होती. शिवाय बंदरावर उतरणाऱ्या हजारो पोत्यांचा निर्णय बदकांच्या पिलांवर किती दिवस सोपवणार?

येथे ज्या विद्येने वाट दाखवली तिचा जन्म अन्नपरीक्षेसाठी झालेला नव्हता. इटलीतील आस्ती या गावी १८७२ साली जन्मलेला मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्यांचा अभ्यास करीत होता. काचेच्या उभ्या नळीत खडूची वस्त्रगाळ पूड दाबून भरावी, वरून पानांचा अर्क ओतावा, आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडीत राहावे, म्हणजे हिरवे व पिवळे रंग एकमेकांपासून विलग होऊन नळीत एकाखाली एक असे पट्टे उमटतात, हे त्याने पाहिले. १९०३ साली त्याने ही रीत प्रथम सभेपुढे मांडली आणि १९०६ साली तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. समकालीन पंडितांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. १९१९ साली त्स्वेत वारला तेव्हा त्याची विद्या जवळजवळ विस्मृतीत गेलेली होती. १९३१ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे लेडरर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिला पुन्हा उजेडात आणले. पुढे १९४१ साली इंग्लंडातील लीड्स येथे, लोकरीच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या संस्थेत, मार्टिन आणि सिंज यांनी दोन द्रवांमधील वाटणीच्या तत्त्वावर तिला नवे रूप दिले, आणि १९४४ मध्ये मार्टिन व त्याचे साथी हेच काम गाळणकागदाच्या साध्या तुकड्यावर करू लागले. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामगिरीबद्दल. आपल्या देशातही ही विद्या लवकरच पोहोचली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. व्ही. गिरी यांनी पन्नाशीच्या दशकात वर्तुळाकार कागदावर पृथक्करण करण्याची जी रीत विकसित केली, ती भारतीय प्रयोगशाळांना अल्प खर्चात परवडण्याजोगी होती.

या विद्येचे तत्त्व सांगावयाचे तर, एकाच वेशीतून पंढरीच्या वाटेला लागलेला जमाव डोळ्यांपुढे आणावा. वाट एक, निघण्याची घटका एक. पण कोणी प्रत्येक मुक्कामाला रेंगाळतो, कोणी कोठेच टेकत नाही, आणि दिवस मावळता मावळता ज्याचा त्याचा वेगळा घोळका वेगवेगळ्या अंतरावर दिसू लागतो. कागदातील किंवा पुडीतील स्थिर द्रव्य म्हणजे ते मुक्काम, वर चढणारा द्रावक म्हणजे ती वाट. ज्या पदार्थाचा ओढा स्थिर द्रव्याकडे अधिक तो मागे राहतो, ज्याचा ओढा द्रावकाकडे अधिक तो पुढे जातो, आणि विवक्षित परिस्थितीत प्रत्येक पदार्थ किती अंतर कापील हे ठरलेले असते.

लंडनच्या रसायनज्ञांनी विषारी अर्काचा थेंब कागदावर ठेवून त्यातून द्रावक चढू दिला, आणि वाळलेला कागद अंधारात जंबुपार किरणांच्या दिव्याखाली धरला, तेव्हा द्रावकाने गाठलेल्या उंचीच्या सुमारे सात-दशांश अंतरावर एक ठिपका तेजस्वी निळ्या प्रकाशाने उजळून आला. तेवढाच भाग कागदावरून उतरवून पिलांना दिला, तर विषबाधेची सारी लक्षणे उमटत. निर्दोष पेंडीच्या अर्कात तो ठिपका दिसत नसे. ज्या द्रव्याला डोळ्याने ओळखता येईल असा रंग नाही, ज्याच्या अंशमात्र मिश्रणाने पेंडीच्या वासात वा चवीत काहीही फरक पडत नाही, त्याला प्रथमच एक ओळखीची खूण मिळाली. हजारो वर्षे मनुष्याने अन्नाची परीक्षा जिभेने, नाकाने आणि उघड्या डोळ्यांनी केली. त्या तिन्ही परीक्षकांना चुकवून जाणारे हे विष एका कागदाच्या पट्टीवर पकडले गेले.

परंतु विष पेंडीत आले कोठून? याचे उत्तर युगांडातून आलेल्या भुईमुगाच्या एका अत्यंत विषारी नमुन्याने दिले. त्या दाण्यांवर बुरशी होती. तेथून वेगळी काढलेली बुरशी निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर वाढवली असता तेच विष, तोच निळा ठिपका आणि पिलांच्या यकृतावर तीच खूण, असे सर्व काही नव्याने निर्माण झाले. ही बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस या नावाने शास्त्रज्ञांना पूर्वीपासून परिचित होती. उष्ण व दमट हवेच्या प्रत्येक मुलखात ती जमिनीत, धान्यात, कुजक्या पाल्यात सर्वत्र नांदत असते. सार्जंट, शेरिडन, ओ’केली आणि कार्नागन यांनी हा वृत्तांत १९६१ च्या डिसेंबरात ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि त्या बुरशीच्या नावावरूनच विषाला ॲफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. त्याच वर्षी लँकॅस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी भयंकर वार्ता दिली : ब्राझीलची ती पेंड मिसळलेले अन्न काही महिने खाल्लेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग झाला होता. पशुपालनाचा प्रश्न तेथपासून मनुष्याच्या आरोग्याचा प्रश्न बनला.

कागदाच्या जागी आता काचेची तबकडी आली, आणि तिने एक नवेच सत्य उघड केले. वीस सेंटिमीटर लांबीरुंदीच्या स्वच्छ काचेवर सिलिका जेलची पाण्यात कालवलेली पूड पाव मिलिमीटर जाडीच्या थराने पसरावी, भट्टीत वाळवावी, आणि तळापासून दोन बोटे वर सुईच्या टोकाएवढ्या नळीने अर्काचे ठिपके एका ओळीत द्यावेत. शेजारीच ज्यांतील विषाचे प्रमाण ठाऊक आहे अशा शुद्ध द्रावणाचे चढत्या मात्रेचे ठिपके द्यावेत. मग झाकणाच्या काचपेटीत क्लोरोफॉर्म आणि थोडे मेथनॉल ओतून तबकडी उभी ठेवली, म्हणजे ओलेपणाची रेघ संथपणे, परंतु डोळ्यांदेखत, वर सरकू लागते. ती माथ्याजवळ पोहोचताच तबकडी बाहेर काढून वाळवावयाची आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली धरावयाची. पांढऱ्या थरावर, ज्या जागी क्षणापूर्वी काहीच नव्हते तेथे, वरच्या बाजूस निळे आणि त्याखाली हिरवट असे ठिपके उजळतात. आपल्या नमुन्याचा ठिपका शेजारच्या कोणत्या ठिपक्याइतका तेजस्वी आहे, हे डोळ्याने जोखून विषाचे प्रमाण काढीत. अथवा अर्क उत्तरोत्तर पातळ करीत जाऊन तो ठिपका दिसेनासा कधी होतो, ते पाहत. डोळ्याच्या अंदाजावर विसंबलेली ही रीत ओबडधोबड वाटेल, परंतु किलोभर पेंडीतील मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपासची मात्राही तिच्या कक्षेत येत असे.

अशा तबकड्यांनीच दाखवून दिले की, एक समजले गेलेले हे विष वस्तुतः चार भावंडांचे कूळ आहे. निळ्या प्रकाशाची दोन, ती बी१ आणि बी२. हिरवट प्रकाशाची दोन, ती जी१ आणि जी२. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेत बुखी, वोगन आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांची रचना उलगडली. या चौघांत बी१ सर्वांत घातक : एका दिवसाच्या, पन्नास ग्रॅम वजनाच्या बदकाच्या पिलाचा जीव घेण्यास सुमारे अठरा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दशलक्षांशाच्या अठरा पट, एवढी मात्रा पुरते.

दरम्यान वेब्रिजला ऑलक्रॉफ्ट आणि कार्नागन यांनी विषारी पेंड गाईंना घालून पाहिली. गाई काही मेल्या नाहीत. मग त्यांचे दूध पिलांना दिले, तर पिलांच्या यकृतावर तीच ओळखीची विकृती उमटली. तबकडीवर या दुधाच्या अर्काने मूळ विषाच्या बराच खाली, नव्याच जागी, निळसर-जांभळा ठिपका दाखवला. गाईच्या शरीरातून जाताना विषाने थोडे रूप पालटले होते, इतकेच. त्याला पुढे एम१ म्हणू लागले. ज्या गोठ्यात पेंड शिरते त्या गोठ्याचे दूध घरातील लहानग्यांच्या तोंडी जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका ठिपक्याचे मोल कळते. कारण दुभते जनावर धष्टपुष्ट दिसत असताना दुधावर संशय घेण्याचे दुसरे कोणतेच साधन त्या काळी कोणाजवळ नव्हते.

मोजता येऊ लागले, तसा किती चालू द्यावे हा प्रश्न उभा राहिला. आणि तो रसायनशाळेत सुटणारा नव्हता. त्याच सुमारास जगातील दरिद्री देशांत प्रथिनांच्या अभावी खंगणाऱ्या बालकांसाठी स्वस्त पूरक अन्न म्हणून भुईमुगाच्या पिठाकडे मोठ्या आशेने पाहिले जात होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तयार केलेल्या बहुउद्देशीय अन्नात तीन-चतुर्थांश भुईमुगाचे पीठ आणि एक-चतुर्थांश हरभऱ्याचे पीठ असे. आता हेच पीठ संशयित ठरले. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या प्रथिनविषयक सल्लागार मंडळाने अशा अन्नात किलोला तीस मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली. मर्यादा याहून कडक केली तर उपासमारीने मरणाऱ्या मुलांच्या तोंडचा घास निघून जाईल, ही चिंता त्या आकड्यामागे होती. तो आकडा ठरवणाऱ्यांना मी दोष देत नाही. दोन अनर्थांतून एक पत्करण्याचा तो प्रसंग होता. तथापि ती चिंता किती खरी आणि तो धोकाही किती खरा होता, हे म्हैसूरच्याच अनुभवाने दाखवून दिले. कुपोषणावर उपचार म्हणून दिलेले भुईमुगाचे पीठ विषाने दूषित असल्याचे मागाहून कळले, आणि ते खाल्लेल्या काही बालकांच्या यकृताला सिरोसिस जडल्याचा वृत्तांत १९७१ साली प्रसिद्ध झाला.

तपासनिसांपुढे आणखी एक संकट होते. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो निर्दोष दाण्यांत एखादाच दाणा दूषित असतो, पण तो एकटा साऱ्या पोत्याचा निकाल फिरवू शकतो. १९६६ साली अमेरिकेत एकेक दाणा वेगळा तपासला, तेव्हा काही दाण्यांत किलोला एक हजार मिलिग्रॅमहून अधिक, या हिशेबाने विष आढळले. म्हणून तबकडी कितीही चोख असली, तरी पोत्यातून मूठ कशी घेतली, किती घेतली, दळून किती एकजीव केली, यावरच निकालाची सचोटी अवलंबून राहिली. पुढे सत्तरीच्या दशकात उच्च दाबाने द्रावक ढकलणारी यंत्रे आली, डोळ्याची जागा प्रकाशमापकाने घेतली. परंतु मूठ भरणाऱ्या हाताची जबाबदारी कोणत्याही यंत्राने कमी केली नाही.

या साऱ्या विद्येची आपल्या देशात खरी कसोटी लागली ती १९७४ च्या अखेरीस. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लागून असलेल्या जिल्ह्यांत, मुख्यतः आदिवासी वस्तीच्या दोनशेहून अधिक खेड्यांत, ज्वर, कावीळ आणि पोटात पाणी होणे अशा लक्षणांची साथ उसळली. सुरुवातीस ती विषाणूजन्य कावीळच वाटावी, अशी होती. पण काही गोष्टी त्या निदानात बसेनात. एकाच घरातील अनेक माणसे एकदम आजारी पडत, ज्यांच्या अन्नात मका नव्हता ते सुखरूप राहत, आणि घरातले उष्टे खाणारी कुत्रीही त्याच रोगाने मरत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट, नागराजन आणि टिळक यांनी त्या घरांतील मक्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत किलोला सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅमपर्यंत ॲफ्लाटॉक्सिन निघाले. म्हणजे सल्लागार मंडळाने सुचवलेल्या मर्यादेच्या दोनशे ते पाचशे पट. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

त्या मक्याची कथा अगदी साधी आहे. अवर्षणाने आधीच गांजलेल्या त्या मुलखात काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, कणसे ओली राहिली, ओलीच घरात साठवली गेली, आणि त्यांवर बुरशी चढली. ती बुरशी लोकांना दिसत नव्हती असे नाही; दाणे काळवंडले होते, त्यांचा रंग उतरला होता. परंतु वर्षभराचे धान्य तेवढेच होते आणि दुसरे विकत घेण्याची ऐपत नव्हती, सबब ते निवडून, दळून, भाकरी करून खाल्ले गेले. पुढील वर्षी त्याच खेड्यांतून पुन्हा मक्याचे नमुने हैदराबादेस तपासले गेले, तेव्हा त्यांत विषाचे प्रमाण अत्यल्प आढळले; पीक कोरडे निघाले होते, आणि साथ पुन्हा आली नाही.